विमानाची ओटी

मी एकदा हसायला लागले की मला थांबता येत नाही, ही गोष्ट माझ्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होती. लग्न ठरवताना मात्र ती कुणी सासरच्यांना सांगितली नाही. सासरी ती उघडकीला आली वन्संचं विमान पहिल्यांदा उडालं त्या दिवशी. उडालं म्हणजे काय, जमिनीपासून हातभर उठलं आणि स्वतःभोवती असं काही गरगरलं, की मी मानपाड्याच्या वाटेवरच्या शेतात, कापलेल्या भाताच्या खुंटांवर फतकल मारून बसले आणि पोट धरून हसत राहिले. वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे रागाने बघत होत्या. मग त्यांच्याही ओठांचे कोपरे हलले, आणि थोड्या वेळाने आम्ही दोघी त्या खुंटांवर लोळत होतो.

हे सगळं सुरू झालं जेवणाच्या पानावर. आमचे हे ठाण्याला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथे साहेब लोकांसाठी इंग्रजी मासिकं यायची. साहेबांची वाचून झाली की ती ह्यांच्या टेबलावर येऊन पडायची, तिथून पिशवीतून डोंबिवलीला आमच्या घरी. हे जेवता जेवता त्यातलं काहीबाही मराठीत करून सांगायचे. एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, अमेरिकेत एक नवीनच विमान करून बघताहेत. त्याचे फिरणारे पंखे नाकावर नाहीत, दोन्ही बाजूंच्या टोकांना आहेत. आधी ते आभाळाकडे तोंड करून फिरतात, तेव्हा विमान जागच्या जागी सरळ वर उठतं. वर गेल्यावर पंखे हळूहळू पुढे कलतात, आणि तेच विमान चारचौघा विमानांसारखं पुढे पळायला लागतं. उतरताना पुन्हा पंखे वर. धावपट्टी नको, काही नको.

"म्हणजे ते आपल्या अंगणातसुद्धा उतरेल?" मी विचारलं.

"अंगणात तुळस आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यापुरता तो विषय संपला.

वन्संचा घास मात्र हातातच राहिला होता. "दादा, वर जाणं कळलं. पुढे जाणंही कळलं. पण मधे, पंखे अर्धे कललेले असताना, त्याला कोण धरून ठेवतं?"

ह्यांनी मासिक मागेपुढे चाळलं. "ते त्यांनाही अजून नीट कळलेलं दिसत नाही. म्हणून तर प्रयोग चाललेत."

मी मूळची रत्नागिरीकडच्या खेड्यातली, सातवी पास. विमान पाहिलेलं ते उंच आभाळातलं, डोळ्यांवर हात धरून. पण त्या दिवशी माझं डोकं असं भणाणलं, की भांडी घासायला बसले तेव्हा दोन वाट्या दोन हातांत घेऊन मी त्या वर उचलत होते आणि मग पुढे कलवत होते. वन्सं मागे उभ्या राहून बघत होत्या, ते मला कळलंच नाही. "वहिनी," त्या म्हणाल्या, "हे आपण करून बघायचं का?" मी वाट्या खाली ठेवल्या आणि जोरजोरात मान डोलावली.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. त्या बी.एस्सी. झालेल्या होत्या. आमच्या गल्लीत बी.एस्सी. झालेली दुसरी मुलगी नव्हती, आणि मुलगेही फार नव्हते. गावात मुलींची शाळा निघून थोडीच वर्षं झाली होती. तिथे शास्त्र शिकवणारे मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुण्याला जाणार होते. वन्संनी त्या जागेसाठी अर्ज केला. शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं. कडक बाई. त्या वन्संना म्हणाल्या, शास्त्राला मी पुरुष मास्तरच बघतेय, तुला हवी तर शिवणाची जागा आहे. वन्संनी विचारलं, का? तर म्हणाल्या, "पुस्तकातलं शास्त्र कुणीही वाचून दाखवील. माझ्या मुलींना हाताने प्रयोग करून दाखवणारं माणूस हवं. तू आयुष्यात हाताने काय केलं आहेस?"

वन्संनी हाताने खरोखरच काही केलं नव्हतं. पण त्यांचा स्वभाव माझ्यासारखाच, डिवचलं की पेटणारा. त्या म्हणाल्या, "चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुम्ही आमच्याकडे येताच. तेव्हा दाखवीन." मोठ्या बाई म्हणाल्या, बरं. झालं! दाखवलं तर शास्त्र, नाही तर जन्मभर काजं आणि हेम.

सासूबाईंना शिवणाचीच जागा हवी होती. त्यांनी मोठ्या बाईंना देवळात गाठून सांगूनही टाकलं होतं, की मुलीचा शिवणात हात चांगला आहे हो. त्यांचा हिशोब सरळ होता. शिवणाची बाई म्हटली की स्थळं येतात, शास्त्राची बाई म्हटली की स्थळं घाबरतात. आधीच बी.एस्सी. ऐकून दोन घरं माघारी गेली होती. "एवढं शिकवलं तेच डोक्यावर बसलंय," असं त्या विहिरीवर चारजणींना सांगायच्या, आणि त्यात थोडा अभिमानही असायचा, तो त्यांना लपवता यायचा नाही.

तर आम्ही दोघी कामाला लागलो. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की आमचा कारखाना सुरू. कल्याणच्या बाजारातून पतंगाचे कागद आणले, तांबडे आणि पिवळे. बांबू गल्लीतल्या बुरुडाकडून तासून घेतला, अगदी काडीसारखा. मोटर कुठून आणणार? म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर पट्ट्या कापून घेतलं. रबर पिळून ठेवायचं, सोडलं की ते उलगडतं आणि पंखा फिरवतं. एक पंखा उजव्या टोकाला, एक डाव्या. दोन्ही एकदम कलायला हवेत, एक आधी एक मागून असं चालायचं नाही. त्यासाठी वन्संनी माझी विणकामाची लांब सुई घेतली आणि ती आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत घातली. दोन्ही पंखे त्याच सुईला बांधलेले, म्हणजे सुई फिरली की दोघेही कलणार. मी तेव्हा ह्यांच्यासाठी स्वेटर विणत होते. तो पुढे कधीच झाला नाही.

पण वर गेल्यावर सुई फिरवणार कोण? हा प्रश्न माझ्या डोक्याने सुटला, आणि ही फुशारकी मी आजही मारते. पंखे एका दोऱ्याने उभे बांधून ठेवायचे. दोऱ्याला उदबत्तीचा बारका तुकडा बांधायचा. उदबत्ती जळत दोऱ्यापर्यंत आली की दोरा तुटणार, आणि लगेच दुसरं एक रबर पंख्यांना पुढे ओढणार. वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सातवीत शाळा सोडलीत हा देशावर अन्याय आहे." मला दिवसभर जमिनीला पाय लागल्यासारखे वाटत नव्हते.

फक्त एका गोष्टीवरून घरात आकाश कोसळलं. पंखा फिरताना आसाच्या तारेवर घासायचा आणि अडायचा. मधे गुळगुळीत मणी घातला तर अडणार नाही, असं वन्संचं म्हणणं. घरात शोधून मणी मिळेना. मग मी गळ्यातल्या पोतीचा दोरा सैल केला आणि दोन काळे मणी काढून दिले. पंखा असा भिरभिरला की काय सांगू! संध्याकाळी सासूबाईंनी विमान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि मणी ओळखले.

"सूनबाई! नवऱ्याच्या आयुष्याशी खेळ मांडलाय होय?"

हे आत कपडे बदलत होते. तिथूनच म्हणाले, "आई, मी ठणठणीत आहे."

"तू गप्प बस! तुला काय कळतंय तू ठणठणीत आहेस की नाहीस!" यावर मला हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना, आणि त्यामुळे प्रकरण जास्तच चिघळलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कासाराकडून मूठभर मणी आणून माझ्यासमोर आपटले. माझे दोन परत पोतीत गेले, कासाराचे दोन विमानात.

सकाळची कामं आटोपली की आम्ही विमान ओच्यात झाकून मानपाड्याच्या वाटेला लागायचो. गावाबाहेर पडलं की शेतंच शेतं. पहिल्या दिवशी ते गरगरलं, ते मी सांगितलंच. दोन्ही पंखे एकाच बाजूला फिरत होते म्हणून विमानही फिरत होतं. वन्संनी एक पंखा उलटा फिरणारा केला, आणि दुसऱ्या वेळी ते सरळ वर गेलं. बांधावरच्या चिंचेच्या खालच्या फांदीएवढं! मी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात दोरा जळला, पंखे पुढे कलले, आणि विमानाने घोड्यासारखं नाक वर करून पाठीवर लोळण घेतली. पुन्हा केलं, पुन्हा लोळण. रोज तेच. वर छान जायचं. कलायला लागलं की उताणं.

त्या शेताची मालकीण वालाच्या शेंगा तोडत असायची. काही दिवस तिने आमच्याकडे नुसतं पाहिलं. मग एकदा विमान तिच्या टोपलीतच पडलं, तेव्हा तिने ते शेपटाला धरून उचललं.

"काय गो बाय, यो तुमचा पाखरू रोज आमचेच शेतान कला परतं?"

"शिकतंय अजून, म्हणून पडतं, मावशी," मी म्हटलं.

"शिकू दे, शिकू दे," ती म्हणाली, आणि आम्हाला ओंजळभर शेंगा दिल्या.

थंडी सरत आली तेव्हा ह्यांनी नवीन अंक आणला, आणि त्या दिवशी जेवताना वाचायचं टाळत राहिले. वन्संनी ओढूनच घेतला. अमेरिकेतलं ते विमान पडलं होतं. पंखे कलवता कलवता सगळं विमान एवढं थरथरायला लागलं होतं, की चालवणाऱ्याची शुद्ध हरपली. तो वाचला, पण जबर जखमी झाला. वन्सं पानावरून उठल्या. आमच्या विमानाच्या लोळणीला आम्ही खदाखदा हसत होतो, आणि तिकडे त्याच जागी, त्याच अर्ध्या कलण्यात, एक माणूस मोडून पडला होता. मला फार वाईट वाटलं. त्या परक्या माणसासाठी मी देवापुढे साखर ठेवली.

"सोडून दे आता," सासूबाई वन्संना म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "जे एवढ्या मोठ्या लोकांना जमत नाही, ते तुला नाही जमलं तर कुणी हसणार नाही. शिवण काय वाईट आहे?"

"ते लोक सोडून देणार आहेत का, दादा?" वन्संनी विचारलं.

"दुसरं विमान तयार करताहेत म्हणे."

"मग मी का सोडू?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण पुढच्या सगळ्या दिवसांत विमान उताणंच पडत राहिलं. शेपूट लांब केलं, आखूड केलं, कागद बदलला. गौर बसली, झोपाळ्यात झुलायला लागली, आमच्या हळदीकुंकवाचा दिवस उजाडला, आणि वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, आज फक्त वर नेऊन दाखवू. कलवायचंच नाही. उदबत्ती लावायची नाही." त्यांचा चेहरा एवढा उतरला होता की मला हसायचं सुचलं नाही. कारण मोठ्या बाई काही खुळ्या नव्हत्या. नुसतं वर जाणारं पाखरू जत्रेतही मिळतं, हे त्यांनाही कळणार होतं.

आमच्या पडवीत आरास मांडली होती. पायऱ्या करून त्यांवर सासूबाईंच्या ठेवणीतलं पैठणीचं जुनेर, वरती गौर, खाली चिनी मातीची चित्रं, कलिंगडाचं कापून केलेलं कमळ, करंज्या. आणि सगळ्यांत खाली, अंगणाकडे तोंड करून, रांगोळी काढलेल्या पाटावर आमचं विमान. तांबडं-पिवळं, ऐटबाज. येणारी प्रत्येक बाई आधी गौरीला हात जोडायची आणि मग विमानाकडे बघून "अगंबाई!" म्हणायची. अंगणात सतरंज्यांवर सगळी गल्ली बसली होती. मोठ्या बाई कोपऱ्यावर दिसल्या तशी वन्संनी धावत येऊन दोन्ही रबरं पीळ पीळ पिळली आणि पंखे फिरू नयेत म्हणून त्यांना केसांतले आकडे अडकवले.

पण हळदीकुंकवाला स्वतःची चाल असते, तिथे घाई चालत नाही. आधी हळद, मग कुंकू, मग हाताला अत्तर, मग गुलाबपाणी, मग भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, मग आंब्याची डाळ आणि पन्हं. हरभऱ्यांची परात आमच्या शेजारच्या आत्याबाईंकडे होती. आत्याबाई ऐंशीला टेकलेल्या, गल्लीतल्या सगळ्या हळदीकुंकवांना ओट्या त्याच भरणार, आणि कुणी सुटली तर त्यांच्या जिवाला लागायचं. त्या रांगेने ओट्या भरत भरत पडवीत आल्या. पाटाजवळ थांबल्या.

"ही कोण गं?"

"विमान आहे, आत्याबाई," मी म्हटलं. "मोठ्या बाईंचं झालं की उडणार आहे."

"म्हणजे जायला निघालीय?"

"हो, तसंच म्हणा."

"आणि गौरीच्या दारातनं रिकामी पाठवता? पाटावर बसवलंय तिला, आणि ओटी नको?" असं म्हणत आत्याबाईंनी विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, आणि मी "अहो, अहो" करते आहे तोवर दोरा बांधायला ठेवलेल्या पुढच्या भोकातून ओल्या हरभऱ्यांची भरगच्च मूठ आत घातली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सासूबाई निरांजन घेऊन आल्या, त्यांनी विमानाला बांधलेली उदबत्ती पाहिली, आणि "लावायचीच राहिली वाटतं," असं पुटपुटत ती पेटवली.

उदबत्ती केवढी? नखाएवढी! दोरा पाटावरच जळला तर विमान पाटावरच कलणार आणि आराशीत घुसणार. मी ओरडले, "वन्सं! पेटली!"

वन्संच्या हातात मोठ्या बाईंसाठी अत्तरदाणी होती. ती त्यांनी तशीच मोठ्या बाईंच्या मांडीवर ठेवली, पडवीकडे धाव घेतली, आणि दोन्ही आकडे एकदम उपटले.

पंखे भिरभिरले. विमान पाटावरून उठलं. हरभऱ्यांच्या ओझ्याने जरा जडच उठलं, नाक किंचित खाली घालून, नव्या सुनेसारखं. पडवीच्या कौलांपर्यंत गेलं. अंगणातल्या सगळ्या बायकांच्या माना वर. मग दोरा जळाला. पंखे पुढे कलायला लागले, आणि मी डोळे मिटून घेतले, कारण ती लोळण मला या चारचौघींत बघवणार नव्हती.

"वहिनी!" वन्सं किंचाळल्या. "वहिनी, बघा!"

मी पाहिलं. विमान पुढे जात होतं. उताणं नाही, तिरकं नाही, सरळ पुढे! बायकांच्या डोक्यांवरून, तुळशीवरून, पोटातले हरभरे एकेक सांडत ते गेलं आणि विहिरीपलीकडे वाळत घातलेल्या नऊवारीवर अलगद जाऊन अडकलं. अंगणात जो गलका झाला, तो मी कधी विसरणार नाही. मी कुणाला तरी मिठी मारली, ती कोण होती तेही मला माहीत नाही. आत्याबाईंनी हात जोडले. मोठ्या बाईंच्या अंबाड्यात एक हरभरा बसला होता, तो काढायचं धैर्य कुणाला झालं नाही. अमेरिकेतल्या दुसऱ्या विमानाचे पंखे आभाळात पुरते कलले, ही बातमी मासिकातून आमच्यापर्यंत आली ती पुढे बऱ्याच काळाने. तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाही तिचं नवल वाटलं नाही. "त्यांचंही जमलं का? बरं झालं बाई," असंच सगळ्या म्हणाल्या.

मोठ्या बाई उठल्या. अत्तरदाणी बाजूला ठेवली. "हे रोज असंच जातं?"

मी वन्संच्या मागे उभी राहून त्यांना चिमटा काढला. हो म्हणा, हो म्हणा!

"नाही," वन्सं म्हणाल्या. "रोज उताणं पडतं. आज पहिल्यांदा गेलं."

"मग आज काय वेगळं केलंस?"

"मी काहीच केलं नाही. आत्याबाईंनी हरभरे घातले. त्यामुळे गेलं की दुसऱ्या कशाने, ते मला माहीत नाही."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. एवढं मिळालेलं, हातातलं, या मुलीने सगळ्यांदेखत टाकून दिलं होतं.

"पण शोधून काढता येईल," वन्सं म्हणाल्या.

"कधी?"

"आत्ता."

आणि मग आमच्या अंगणात जे झालं, तसं हळदीकुंकू डोंबिवलीत ना आधी झालं, ना नंतर. हरभरे सगळे काढून विमान सोडलं, उताणं. हरभऱ्यांची मूठ घालून सोडलं, गेलं! तीच मूठ शेपटाकडे घातली तर असं आदळलं की एक पातं मोडलं. वन्संनी ते तिथल्या तिथे डिंकाने चिकटवलं, आणि ते वाळेपर्यंत सगळ्या बायका पदराने वारा घालत बसल्या. अर्धी मूठ घालून पाहिली. दोन मुठी घालून पाहिली, तर उठेच ना. मूठ कुणाची घ्यायची यावरून वाद झाला. आत्याबाई परात पोटाशी धरून म्हणाल्या, "ओटी माझ्या मुठीने गेलीय, आता तीच चालेल," आणि वन्सं म्हणाल्या, बरोबर आहे, प्रत्येक वेळी तीच मूठ हवी. काही जणी उदबत्त्या तोडून द्यायला बसल्या, काही दोरे कापायला. पन्ह्यातला बर्फ कधीच विरघळला. मोठ्या बाईंनी पदर खोचला होता, आणि एकदा तर नऊवारीवरून विमान काढून आणायला त्या स्वतः धावल्या. मी हसत होते, रडत होते, मला काय होतंय ते कळत नव्हतं. कामावरून परतलेले पुरुष अंगणाच्या फाटकाशी डबे हातात घेऊन उभे होते, आणि चहा सोडा, आत या असंही कुणी त्यांना म्हणत नव्हतं.

उजेड कमी झाला तेव्हा मोठ्या बाई सतरंजीवर बसल्या आणि कोमट पन्हं एका दमात प्यायल्या.

"वजन पुढे हवं होतं तर," त्या म्हणाल्या.

"असं दिसतंय," वन्सं म्हणाल्या. "का, ते अजून वाचायला हवं."

मोठ्या बाईंनी मान डोलावली. पण पुढचं त्या वन्संशी बोलल्याच नाहीत. त्या सासूबाईंकडे वळल्या. "तुम्ही मला देवळात सांगितलं होतं, की हिचा शिवणात हात चांगला आहे. आई आहात, तुमचा शब्द मी मोडणार नाही. सांगा, मुलगी कशाला घेऊ, शिवणाला की शास्त्राला?"

सासूबाई निरांजन हातात धरून पडवीच्या पायरीवर उभ्या होत्या. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. वन्सं मात्र आईच्या तोंडाकडे बघायला तयार नव्हत्या.

"शिवण तिला येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी एकदा वन्संकडे पाहिलं.

"अजिबात येत नाही हो. परकराचा नेफासुद्धा तिरका घालते. मी तुम्हाला खोटं सांगितलं. स्थळं परत जातात, मला भीती वाटते, म्हणून सांगितलं." त्यांनी निरांजन खाली ठेवलं. "तिला हेच येतं. हेच घ्या तिच्याकडून. स्थळाचं माझं मी बघीन."

"घेतली," मोठ्या बाई म्हणाल्या. "जूनला शाळेत ये. शास्त्राला."

वन्सं मटकन खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून रडायला लागल्या. मी त्यांना जवळ घेतलं, तर माझंही तेच झालं.

"रडता काय दोघी?" सासूबाई आमच्यावर ओरडल्या. "आधी ते हरभरे वेचा, लोकांचे पाय पडताहेत त्याच्यावर!"

आम्ही दोघी ओणव्या होऊन अंगणभर हरभरे वेचायला लागलो. सासूबाईही पदर पसरून आमच्याबरोबर वेचत होत्या. त्यांचे डोळे एवढे भरले होते की त्यांना काही दिसत नव्हतं, आणि हरभरे समजून त्या खडेच ओटीत टाकत होत्या.